टर्बोचं उसनं ऑईल

जुन्या जीपला किंवा ट्रॅक्टरला बाहेरून टर्बो, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवला आणि तो दोन महिन्यांत गेला, की यवतमाळपासून वाशीमपर्यंतच्या गॅरेजांत निदान ठरलेलं: 'ऑईल प्रेशर कमी पडलं.' कधी ते खरं असतं. पण बऱ्याचदा प्रेशर पुरेसं असतं, ऑईलला बाहेर पडायला वाट नसते. हा गोंधळ समजायला थोडं मागे जावं लागतं.

स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्युखी यांनी टर्बोचार्जिंगचं पेटंट १९०५ साली घेतलं. पुढे जहाजांच्या डिझेल इंजिनांवर जे मोठे टर्बो आले, त्यांतल्या अनेकांच्या दोन्ही टोकांना बॉल बेअरिंग आणि त्यांचं स्वतःचं वेगळं ऑईल असे. जहाजावर ते बघायला, बदलायला माणूस असतो. ट्रकवर कोण असणार? १९५० च्या दशकात ट्रक आणि माती उकरणाऱ्या मशिनींसाठी लहान टर्बो मोठ्या प्रमाणात बनू लागले, तेव्हा तरंगता बुश (शाफ्टभोवतीची, बेअरिंगचं काम करणारी धातूची नळी) आणि इंजिनाच्याच पंपाचं ऑईल ही रचना रूढ झाली. तेव्हापासून टर्बो उसन्या ऑईलवर जगतो.

हा बुश घट्ट बसवलेला नसतो. त्याच्या आतही ऑईलचा पापुद्रा, बाहेरही. लहान टर्बोची शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते, बुश तिच्यापेक्षा बराच हळू फिरतो. लोडवर ऑईल काही सेकंद तुटलं, की धातूला धातू लागतो.

आपल्याकडे २००० नंतर भारत स्टेजचे नियम कडक होत गेले, तसे डिझेल गाड्यांत कंपनीचेच टर्बो सर्रास आले. त्या इंजिनांत टर्बोसाठी ऑईलची वाट आणि रिटर्नचं भोक ब्लॉकमध्येच असतं, पंपही त्या हिशोबाने दिलेला. बिनटर्बोच्या जुन्या इंजिनात यातलं काहीच नाही. मग ऑईल प्रेशर स्विचच्या भोकाला तीन तोंडांचा टी जॉइंट लावून फीड, म्हणजे टर्बोत ऑईल नेणारी लाइन, काढायचं आणि ऑईल परत यायच्या वाटेसाठी, म्हणजे रिटर्नसाठी, चेंबरला (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीला) नळी वेल्ड करायची.

फीड फिल्टरच्या पुढून, म्हणजे गाळलेलंच ऑईल हवं. बुशवाल्या टर्बोला इंजिन गरम असताना आयडलिंगला किमान १० पौंड (पीएसआय) प्रेशर आणि लोडवर ३०-४० पौंड मिळालं की भागतं. अकोल्याच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, झिजलेल्या इंजिनाचं आयडलिंग प्रेशर त्याखाली जातं. मीटर लावून गरम इंजिनावरच बघावं. हल्लीच्या, इंजिनाच्याच ऑईलवर चालणाऱ्या बॉल बेअरिंगच्या टर्बोचं गणित उलटं. त्याला ४०-४५ पौंडांपेक्षा जास्त नको, म्हणून फीडमध्ये साधारण १ मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे ऑईल कमी सोडणारा तुकडा, टाकतात. ही माहिती अर्धवट पसरली आणि तोच रिस्ट्रिक्टर बुशवाल्या टर्बोतही जाऊ लागला. त्याला लागतं जास्त ऑईल, आणि आपण देतो उपाशी ठेवणारं भोक.

त्या बारीक भोकाचा दुसरा शत्रू म्हणजे हात पुसायचं सुती वेस्ट. त्याचा एक तंतू किंवा जॉइंटला लावलेल्या सिलिकॉनचा तुकडा पुरतो. फीडच्या जॉइंटला सिलिकॉन नको, टेफ्लॉन टेपही नको. बॅन्जो बोल्टला (ऑईल आतून जाणाऱ्या पोकळ बोल्टला) नवीन तांब्याचे वॉशर टाकावेत. आतून कोळसा धरलेला जुना पाइप हवा मारून साफ होत नाही, तो फेकायचाच.

खरी चूक रिटर्नला होते. बेअरिंगमधून निघालेलं ऑईल फेसाळ असतं, त्याच्यामागे प्रेशर उरलेलं नसतं, ते निव्वळ उताराने खाली जातं. म्हणून नळी आतून किमान १२-१३ मिलिमीटर, जमलं तर १६. सरळ उताराची, मध्ये पोट न काढलेली. आणि चेंबरला ऑईलच्या पातळीच्या वर जोडलेली. खाली जोडली तर ऑईल टर्बोत तुंबतं. टर्बोचं सील रबरी नसतं, पिस्टन रिंगसारखी एक बारीक रिंग असते. तुंबलेलं ऑईल ती अडवू शकत नाही. सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि बिचारं सील बदनाम होतं. जुन्या इंजिनाची पिस्टन रिंग गेलेली, ब्रीदर (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारी नळी) चोंदलेला असेल, तर चेंबरमधल्या वाफेच्या दाबानेही रिटर्न अडतो. मग टर्बोचा नवा कोअर (शाफ्ट-बेअरिंगचा मधला भाग) टाकला तरी पुन्हा धूर.

पहिल्या स्टार्टिंगला टर्बोच्या फीडच्या तोंडात स्वच्छ ऑईल ओतून शाफ्ट हाताने फिरवावी. मग फीड जोडावं, इंजिन बंद करायची केबल ओढून धरावी, म्हणजे ते चालू होणार नाही, आणि रिटर्न पाइप सुटा ठेवून खाली डबा लावावा. १०-१५ सेकंद सेल्फ मारायचा, थांबायचं, पुन्हा मारायचा. डब्यात धार लागली की रिटर्न जोडून मगच इंजिन चालू करायचं.