कार्यालयीन उपकरणांची स्टँडबाय वीजबचत

काम थांबल्यावरही प्लगला जोडलेली उपकरणे थोडीथोडी वीज घेत राहतात. ती उपकरणे भिंतीवरच्या स्विचपाशी बंद करून ही वीज वाचवणे म्हणजे स्टँडबाय वीजबचत. आठवड्याचे तास १६८, त्यांतले कार्यालयीन कामाचे साधारण ५०. उरलेल्या वेळात यंत्रांना कोणी हातही लावत नाही.

संगणक ‘शट डाउन’ केला तरी त्याचा पॉवर सप्लाय मदरबोर्डला, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डला, ५ व्होल्टचा पुरवठा चालू ठेवतो. बटण दाबल्याचे कळावे, नेटवर्कवरून यंत्र सुरू करता यावे, यासाठी तो लागतो. समोरचे बटण यंत्राला केवळ सूचना देते; वीज खरोखर तुटते ती भिंतीवरच्या स्विचला. सतत चालणारा १ वॅट वर्षाला ८.७६ युनिट खातो. ५० टेबलांवर प्रत्येकी ६ वॅट धरले, तर रिकाम्या सुमारे १२० तासांत, म्हणजे एकाच आठवड्यात, ३६ युनिट जातात.

लेझर प्रिंटर आणि कॉपियर यांची गोष्ट वेगळी. टोनर, म्हणजे शाईची पूड, कागदावर वितळवून बसवणारा त्यांचा रोलर ‘रेडी’ स्थितीत तापलेला ठेवावा लागतो, म्हणून झोपेत (‘स्लीप’ स्थितीत) जाण्याआधीचा त्यांचा वापर बराच मोठा असतो. स्क्रीनसेव्हरने तर काहीच वाचत नाही. जुन्या काचेच्या पडद्यांवर चित्राचा डाग पडू नये म्हणून तो आला.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९मध्ये स्टँडबाय १ वॅटखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. युरोपीय संघाने २०१०पासून साध्या स्टँडबायसाठी १ वॅटची, २०१३पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. नेटवर्कशी जोडलेल्या उपकरणांना ती अधिक आहे. त्यामुळे नव्या यंत्रांत मोठा तोटा रात्रभर पूर्ण चालू राहिलेल्या संगणकांचा असतो. आपोआप झोपेत जाण्याची वेळ कमी करणे हे पहिले काम, स्विच त्यानंतर.

अडचण येते ती सामायिक यंत्रांची. आपल्या टेबलाचा स्विच माणूस लक्षात ठेवतो. कॉपियर कोणाचाच नसतो, म्हणून त्याची जबाबदारी नावानिशी ठरवून द्यावीच लागते.

सर्व्हर, राउटर, आगीची सूचना देणारी यंत्रणा यांना हात लावू नये. इंकजेट प्रिंटर आधी त्याच्याच बटणाने बंद करावा, म्हणजे शाईचे हेड झाकले जाते. दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत स्विच चालू ठेवावा, नाहीतर दिव्याचे आयुष्य घटते.