बोरेट भुकटी (पिसूनियंत्रण)

घरातील पिसवांची पैदास थांबवण्यासाठी गालिचे, फरशीच्या सांधी व मांजरा-कुत्र्यांच्या बसण्याच्या जागी मुरवायची बारीक पूड. तीत बोरिक अम्ल किंवा सोडियमचे बोरेट असते. कॅरमच्या पटावर टाकतात आणि झुरळांसाठी कणकेच्या गोळ्यांत घालतात ती बोरिक पावडर याच कुळातली.

या संयुगांचा जुना स्रोत टाकणखार (बोरॅक्स). त्याच्या ‘टंकण’ या संस्कृत नावाविषयी मतभेद आहेत. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, ‘टंक्’ धातूचा अर्थ ‘बांधणे’ असा दिला असून, सोनार डाग देताना (सोन्याचे तुकडे सांधताना) टाकणखार वापरतात, त्याच्याशी तो जुळतो. दुसऱ्या मताने हे नाव महाभारतातील तंगण या उत्तरेकडील लोकांवरून आले. टाकणखार तिबेट व लडाखमधील पुगा खोऱ्यातून येत असे, म्हणून हे मत अगदीच निराधार नाही. तथापि पहिले अधिक सरळ वाटते. ‘बोरॅक्स’ हा शब्द अरबी ‘बौरक’वरून आला, पण बौरक म्हणजे सोड्याचे क्षारही असत. त्यामुळे जुन्या ग्रंथांतील प्रत्येक उल्लेख टाकणखाराचा मानता येत नाही आणि त्यावर बेतलेला टाकणखाराच्या वापराचा कालनिर्णय सैलच राहतो. रसग्रंथांत (पारा व खनिजांच्या औषधांवरील जुन्या संस्कृत ग्रंथांत) टाकणखाराला ‘सौभाग्य’ असेही म्हटले आहे. रसायनज्ञ विल्हेल्म होम्बर्ग यांनी १७०२ मध्ये टाकणखारापासून बोरिक अम्ल मिळवले. अमेरिकेत त्याची कीटकनाशक म्हणून नोंदणी १९४८ मध्ये झाली.

भुकटीचा मारा अळीवर असतो. प्रौढ पिसू रक्त शोषते. जमिनीवरची पूड तिच्या पोटात जात नाही. पांढुरकी, बिनपायाची अळी मात्र अंधारात राहून प्रौढांची वाळलेली विष्ठा खाते. हे काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवले, की भोवती तांबूस डाग उमटतो, कारण त्यात रक्तच असते. त्यांच्यासोबत पूड अळीच्या पोटात जाते. कोशातली पिसू यातून सुटते व पुढे बाहेर पडते, म्हणून पूड टाकल्यावरही काही आठवडे चावे चालूच राहतात. ओल लागल्यास पूड गठ्ठे धरते व निरुपयोगी होते.

या भुकटीला ‘अल्पविषारी’ म्हणतात, पण हे विशेषण सापेक्ष आहे. पोटात गेलेल्या बोरिक अम्लाने तान्ह्या मुलांना विषबाधा होऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत, आणि युरोपीय संघात ते प्रजननास घातक द्रव्यांत गणले जाते. जनावराच्या अंगावर ही पूड चोळू नये. ते अंग चाटते.