गॅलापागोसची उन्हाळी क्रूझ : बाल्ट्राहून निघण्याआधी

क्रूझ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुंबईहून गोव्याला किंवा सिंगापूरहून सुटणारं मोठं जहाज येतं : दोन-तीन हजार प्रवासी, थिएटर, पोहण्याचे तलाव, रात्री उशिरापर्यंत बुफे. गॅलापागोसच्या क्रूझमध्ये यातलं काहीही नाही. इथल्या बहुतेक बोटी १६ प्रवाशांच्या असतात आणि सर्वांत मोठ्या जहाजालाही १०० च्या वर प्रवासी घेता येत नाहीत. सकाळी सहाच्या सुमाराला उठायचं, दिवसातून दोनदा किनाऱ्यावर उतरायचं, जमेल तसं पाण्यात उतरायचं आणि रात्री आठ-नऊला झोपायचं. ही सहल कुणासाठी आहे आणि तिची तयारी कशी करायची, ते बुकिंगच्या आधीच नीट कळावं म्हणून हे पत्रक.

सहल जिथून सुरू होते ते बाल्ट्रा हे गॅलापागोसचंच एक बेट, इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला साधारण १,००० किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरात आहे. छोटंसं, सपाट, कोरडं. निवडुंग, पालो सांतोची निष्पर्ण दिसणारी झाडं आणि तांबूस माती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने इथे हवाई तळ उभारला आणि आजचा विमानतळ त्याच जागी आहे. विमानातून उतरल्यावर अनेकांचा चेहरा उतरतो, कारण 'स्वर्ग' म्हणून ऐकलेली जागा उजाड माळासारखी दिसते. पण धावपट्टीजवळच्या रस्त्यावर बसचा वेग कमी झाला तर खिडकीतून खाली बघा. पिवळसर रंगाचा, हातभर लांबीचा जमिनीवरचा इग्वाना रस्ता ओलांडत असण्याची शक्यता आहे. १९३२-३३ च्या सुमाराला एका अमेरिकन मोहिमेने बाल्ट्रावरचे सुमारे ७० इग्वाना उचलून शेजारच्या नॉर्थ सेमूर बेटावर सोडले. पुढे बाल्ट्रावरचे सगळे नष्ट झाले आणि जगले ते हलवलेलेच. त्यांच्या वंशातले प्राणी १९९१ पासून पुन्हा बाल्ट्रावर आणून सोडले गेले. या एका प्राण्याची हकिगत माहीत असेल तर पुढचे आठ दिवस गाइड इतके नियम का सांगतो, हे वेगळं समजवावं लागत नाही.

जहाज नाही, मार्ग निवडा

आमच्याकडे येणारा पहिला प्रश्न केबिनचा असतो : बाल्कनी आहे का, खिडकी केवढी आहे. आम्ही आग्रहाने सांगतो की आधी मार्ग ठरवा, केबिन नंतर. इथे कोणती बोट कोणत्या दिवशी कोणत्या ठिकाणी जाणार, हे राष्ट्रीय उद्यानाचं कार्यालय ठरवतं. एकदा भेट दिलेल्या ठिकाणी तीच बोट चौदा दिवसांच्या आत पुन्हा जाऊ शकत नाही. त्यामुळे कोणतीही एक बोट एका आठवड्यात सगळी बेटं दाखवू शकत नाही. कप्तानाला विनंती करून मार्ग बदलत नाही, आणि जास्त पैसे देऊनही नाही.

पश्चिमेचा मार्ग इसाबेला आणि फर्नांदिनाला जातो. ही सर्वांत तरुण बेटं, ज्वालामुखी अजून जागे असलेली. इसाबेलावरचा वुल्फ २०२२ मध्ये आणि फर्नांदिनाचा ज्वालामुखी २०२४ मध्ये उफाळला. समुद्राच्या खोलातून पश्चिमेकडून येणारा गार प्रवाह इथे वर उसळतो, त्यामुळे पाण्यात मासळी भरपूर. विषुववृत्तावर पेंग्विन जगतात ते याच गार पाण्याच्या जोरावर. उडणं विसरलेला पाणकावळा जगात फक्त याच दोन बेटांवर आहे. काळ्या लाव्हावर शेकड्यांनी एकमेकांवर पडून ऊन खाणारे समुद्री इग्वाना बघायचे तर फर्नांदिनासारखी जागा नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकच मार्ग निवडायचा असेल, तर आमचं मत पश्चिमेच्या बाजूने आहे.

दक्षिणेच्या मार्गावर एस्पान्योला आणि फ्लोरेआना येतात. लाटांसारखी नक्षी असलेला अल्बाट्रॉस जवळजवळ पूर्णपणे एस्पान्योलावरच वीण घालतो. एप्रिलच्या सुमाराला हे पक्षी येतात आणि डिसेंबर-जानेवारीत समुद्रावर निघून जातात. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना ते हमखास भेटतात. चोचीवर चोच वाजवत, माना वर करत चाललेली त्यांची जोडीची नाचगाणी बघताना तासभर कधी गेला ते कळत नाही. याच बेटावर महाकाय कासवांची संख्या घसरून फक्त १४ वर आली होती. ती सगळी सांताक्रूझ बेटावरच्या कासव-प्रजनन केंद्रात आणली, अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयातून दिएगो नावाचा एक नर आला, आणि अनेक दशकं पिल्लं वाढवून बेटावर सोडली गेली. जून २०२० मध्ये दिएगोसह ती म्हातारी कासवंही आपल्या बेटावर परतली.

फ्लोरेआनाच्या पोस्ट ऑफिस बे इथे लाकडी पिंप आहे. देवमाशांची शिकार करणाऱ्या खलाशांच्या काळापासून लोक त्यात पत्रं टाकतात. तिकीट लागत नाही. आधीच्या प्रवाशांची पत्रं चाळायची आणि आपल्या गावाजवळचा पत्ता दिसला तर ते पत्र घेऊन जाऊन स्वतः पोचवायचं. पुण्या-मुंबईचं, नाशिकचं पत्र हाती लागलं तर ते जरूर पोचवा, हा आमचा हट्ट आहे.

उत्तरेला जेनोव्हेसा आहे. तिथे जाण्यासाठी रात्रभर उघड्या समुद्रातून विषुववृत्त ओलांडावं लागतं. लाल पायांचे बूबी पक्षी आणि दिवसाढवळ्या शिकार करणारी घुबडं हे तिथलं खास. ज्यांना बोट लागते त्यांनी मात्र या मार्गाचा दोनदा विचार करावा.

चार रात्रींची सहल स्वस्त पडते, पण पहिला आणि शेवटचा दिवस विमानात आणि बंदरात जातो. भारतातून एवढा लांबचा प्रवास करून जाणाऱ्याने सात रात्रींपेक्षा कमी घेऊ नये.

मे की जुलै?

आपल्या शाळांची सुट्टी एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत. अमेरिकेत असलेल्या मुला-नातवंडांची सुट्टी जून ते ऑगस्ट. आजी-आजोबा आणि नातवंडांना एकत्र जायचं असतं तेव्हा तारीख सहसा नातवंडांची ठरते, पण समुद्र दोन्ही वेळी सारखा नसतो. मेमध्ये पाणी साधारण २४-२५ अंशांचं, आकाश बऱ्यापैकी मोकळं आणि लाटा कमी. जूननंतर दक्षिणेकडून हम्बोल्टचा गार प्रवाह जोर धरतो. हवेत गारुआ नावाची धुकट भुरभुर असते, पाणी २० अंशांच्या आसपास येतं आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर समुद्र जास्त हलतो. मासे आणि पक्षी मात्र याच गार काळात भरपूर. निळ्या पायांचे बूबी एक-एक पाय उचलून जो नाच करतात, तो मे-जूनपासून चांगला दिसतो. ज्येष्ठ मंडळी असतील तर मे निवडा. जुलैत जायचंच असेल तर पाण्यात घालायचा जाड वेटसूट घ्या. बोटीवर तो भाड्याने मिळतो.

पिवळ्या तापाची लस : हे टाळता येत नाही

गॅलापागोस बेटांवर पिवळ्या तापाचा धोका नाही. तरीही लस घ्या, कारण इक्वेडोर देश भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे. अशा देशातून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लसीचं वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विमानतळावरून थेट विलगीकरणात नेता येतं, सहा दिवसांपर्यंत. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते. मुंबईत आणि पुण्यात अशी केंद्रं आहेत. सुट्टीच्या आधी तिथे गर्दी होते, म्हणून किमान दीड-दोन महिने आधी जा. वय ६० च्या वर असेल, गरोदरपण असेल, अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला आणि त्यानंतरच आमच्याकडे पैसे भरा. लसीच्या प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक पासपोर्टसोबत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

विमान अमेरिकेत बदलणार असेल तर नुसत्या विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. ज्यांच्याकडे तो नाही त्यांना आम्ही युरोपमार्गे नेतो. इक्वेडोरच्या व्हिसाचे आणि युरोपातल्या ट्रान्झिटचे त्या वेळचे नियम बुकिंगच्या दिवशी तपासून लेखी देतो.

बॅगेत काय नको

इक्वेडोरच्या मुख्य भूमीवरच्या क्विटो किंवा ग्वायाकिल शहराच्या विमानतळावर गॅलापागोसला जाणाऱ्या प्रत्येक बॅगेची वेगळी तपासणी होते. ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं, फुलं चालत नाहीत. आपल्याकडे लाडका असलेला पेरू तिथल्या डोंगरांवर माजलेलं तण आहे. माणसांनी आणलेल्या अशा झाडांनी मूळची झाडी गिळली, म्हणून तपासणी इतकी कडक आहे. देवाचा प्रसाद म्हणून नेलेला नारळ, हार, तुळशीची पानं, मोड आणायला घेतलेले मूग हे सगळं घरीच ठेवा. पाकीटबंद चिवडा, चकली, बाकरवडी, खाकरा न्यायचा असेल तर कंपनीचं सीलबंद पाकीट घ्या आणि तपासणीला स्वतःहून दाखवा. अंतिम निर्णय अधिकाऱ्याचा असतो. बेटांवर उतरताना मात्र खिशात एक बडीशेपेचा दाणासुद्धा नको, कारण तिथे पाण्याशिवाय काही न्यायला परवानगी नाही.

एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर २०१८ पासून बंदी आहे. प्रत्येकाने स्टीलची बाटली आणावी, बोटीवर ती भरता येते. ड्रोन चालत नाही, फोटो काढताना फ्लॅश चालत नाही. प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहायचं. समुद्रसिंहाचं पिल्लू स्वतःहून पायाशी आलं तरी त्याला हात लावायचा नाही. माणसाचा वास लागला की आई आपलं पिल्लू ओळखेनाशी होण्याची भीती असते. नातवंडांना हे घरीच समजावून सांगा. शिंपला, वाळू, लाव्हाचा खडा, काहीही उचलायचं नाही.

जेवण

बोटीवरचा स्वयंपाकी आधी कळवलं तर शाकाहारी जेवण करतो. भात, डाळीची किंवा घेवड्याची घट्ट आमटी (तिकडे तिला मेनेस्त्रा म्हणतात), हिरव्या केळ्याचे चपटे तळलेले पाताकोनेस, बटाटा-चीजचं लोक्रो सूप, भरपूर फळं. पोट व्यवस्थित भरतं. सूप मांसाच्या पाण्यात केलेलं नाही ना, हे आम्ही बोटीकडून लेखी घेतो. जैन जेवण मात्र सात दिवस नीट मिळेल असा शब्द आम्ही देत नाही. कांदा, लसूण, बटाटा वगळल्यावर बोटीवरच्या साठ्यात फार कमी उरतं.

गुडघे, पोहणं आणि बोट लागणं

किनाऱ्यावर धक्का नसतो. रबरी होडीतून, जिला तिथे पांगा म्हणतात, उतरायचं असतं. कधी खडकावर, कधी गुडघाभर पाण्यात. खलाशी हात पुढे करतो तेव्हा पंजा धरायचा नाही, एकमेकांचं मनगट धरायचं. ओल्या हाताची पकड तशी सुटत नाही. चालणं एका वेळी एक-दोन किलोमीटर, पण वाट लाव्हाची, उंचसखल. बार्तोलोमे बेटाच्या माथ्यावर जाण्यासाठी साडेतीनशेहून अधिक लाकडी पायऱ्या आहेत. ज्यांना जिना चढताना गुडघा धरावा लागतो, त्यांनी ते मोकळेपणाने सांगावं. अशा वेळी पांगातून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरण्याची सोय होऊ शकते. जीन्स नको, लवकर वाळणारी पँट आणि मागे पट्टा असलेले सँडल हवेत.

पोहता येत नसलं तरी जाता येतं, पण निम्मं गॅलापागोस पाण्याखाली आहे. निघण्याआधी दोन महिने जवळच्या स्विमिंग टँकवर मास्क लावून, लाइफ जॅकेट घालून तरंगायची सवय करा. कासव शेजारून पोहत जाताना तुम्ही घाबरून होडीची कड धरून बसू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

बोट लागणाऱ्यांनी दोन सांगाडे असलेली कॅटामरान बोट घ्यावी. ती कमी डोलते. केबिन खालच्या मजल्यावर, मधोमध असावी. गोळी बोट सुटल्यावर नाही, त्याआधी घ्यायची असते. कोणती, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाबाची किंवा काचबिंदूची औषधं चालू असतील तर. लहान बोटींवर डॉक्टर नसतो. म्हणून विमानाने हलवण्याचा खर्च देणारा वैद्यकीय विमा आम्ही सक्तीचा ठेवला आहे.

पैसे आणि वेळ

इक्वेडोरचं चलन अमेरिकन डॉलर आहे. उद्यानाचं प्रवेश शुल्क ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांसाठी २०० डॉलर आणि १२ वर्षांखालील मुलांसाठी १०० डॉलर झालं आहे. ते रोख भरायचं असतं. शिवाय प्रवासी नोंदणी कार्डाचे २० डॉलर. या रकमा आमच्या सहलखर्चात धरलेल्या नाहीत. नोटा स्वच्छ, न फाटलेल्या आणि शक्यतो २० च्या घ्या. गॅलापागोसचं घड्याळ भारताच्या साडेअकरा तास मागे असतं. इंटरनेट अनेकदा तुटतं, त्यामुळे घरच्यांना 'रोज फोन करतो' असं सांगून निघू नका.

बुकिंगच्या वेळी आम्हाला द्या : परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असलेल्या पासपोर्टची प्रत, लसीचं प्रमाणपत्र (किंवा घेण्याची तारीख), चालू औषधांची यादी, खाण्याच्या सवयी, आणि वेटसूट व पोहण्याच्या पंखांसाठी प्रत्येकाची उंची, वजन आणि पायाचं माप.