मर्सिडीजचा तारा, ब्रेक मात्र दुसऱ्याचे

जर्मनीतल्या एखाद्या लहान गावच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालेला, साठ-सत्तरच्या दशकातला फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक. मागे राहण्यापुरती खोली, छपरावर सुटे टायर, आणि नजर मोरोक्को, इराण, मंगोलिया किंवा थेट गोव्यावर. अशा गाड्यांना एक्स्पिडिशन ट्रक म्हणतात. घेणारा आधी इंजिनाची चौकशी करतो, मग गंज बघतो. ब्रेककडे लक्ष जातं ते गाडी ताब्यात आल्यावर, आणि तिथून पार्सलं, फोन आणि व्हर्नियर कॅलिपरचे दिवस सुरू होतात. या जुन्या ट्रकचं इंजिन जगात जवळजवळ कुठेही बांधून मिळतं, पण एक व्हील सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकातला ब्रेक ढकलणारा छोटा सिलिंडर, मिळता मिळत नाही. हे असं का, याचं उत्तर गेल्या शंभर वर्षांच्या ब्रेकच्या धंद्यात आहे.

या गाड्यांमध्ये सगळ्यांत लाडकी म्हणजे मर्सिडीजची आखूड नाकाची मालिका. १९५९ मध्ये ती बाजारात आली. १९६३ पासून तिला ९११, १११३ असे आकडे मिळाले: पहिला भाग साधारण टनांचा, दुसरा अश्वशक्तीचा. म्हणजे १११३ हा अकरा टनी, १३० अश्वशक्तीचा. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर आकड्याआधी 'एलए'. अग्निशमन दलं, सीमा पोलीस, आपत्तिनिवारण दल अशा सरकारी खात्यांनी या गाड्या भरपूर घेतल्या आणि खात्याच्या शिस्तीने सांभाळल्या. सरकारी जुना माल विकण्यासाठी पश्चिम जर्मनीने १९५१ मध्येच 'वेबेग' ही कंपनी काढली होती; शीतयुद्ध संपून सैन्य कमी झालं तसा तिथल्या लिलावांत ट्रकांचा पूर आला. शिवाय १९९९ पूर्वीच्या जर्मन मोटारीच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येत असे. त्यामुळे कागदोपत्री वजन उतरवून ९११ सारखा ट्रक घरगुती वाहन म्हणून वापरणं अनेकांना जमलं.

अग्निशमन दलाची गाडी म्हणजे कमी किलोमीटर, म्हणून ती उत्तम, असा समज आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सपुरता तो खरा आहे. ब्रेकच्या बाबतीत मात्र उभी राहिलेली गाडी पळालेल्या गाडीपेक्षा जास्त त्रास देते. नेहमीचं ग्लायकॉलवालं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. गाडी महिनोन् महिने शेडमध्ये उभी राहिली की तो ओलावा सिलिंडरच्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या गोल पोकळीत, खालच्या बाजूला साचून काम करू लागतो. ड्रम काढून व्हील सिलिंडरचं रबरी टोपण उचललं की आत काकवीसारखा तपकिरी चिकटा दिसतो. तो पुसून बोअरमध्ये बॅटरी मारली तर वरचा भाग आरशासारखा चकचकीत आणि तळाशी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. नवीन वॉशर किट टाकलं तरी त्या खड्ड्यांवरून रबर पुन्हा फाटतं. होनिंग करून, म्हणजे बोअर आतून बारीक घासून, खड्डे गेले तर ठीक, नाहीतर बोअर मोठा करून आत स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह बसवून मूळ मापावर आणावा लागतो. काम नाजूक आहे, पण नवीन सिलिंडर मिळतच नसेल तेव्हा तोच सरळ रस्ता.

आता सिलिंडरचं माप. जर्मन ट्रकवर सगळे नटबोल्ट मेट्रिक, आणि सिलिंडरच्या अंगावर ओतलेला आकडा ३१.७५ किंवा ३८.१०. म्हणजे सव्वा इंच आणि दीड इंच! जर्मन गाडीत इंच आले कुठून? तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची कल्पना अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पुढे आणली. फ्रँकफुर्टच्या आल्फ्रेड टेव्हेस यांच्या 'आटे' कंपनीने १९२६ मध्ये लॉकहीड पद्धतीचे ब्रेक जर्मनीत आणले आणि आडलर गाडीला बसवले. तंत्र आलं तशी मापंही आली, आणि एकदा रबराचे साचे त्या मापांचे बनले की कोण कशाला बदलतो? ही गंमत समजली नाही तर खिशाला चाट बसते. ३८.१० च्या जागी '३८-४० चालेल' म्हणून एका चाकाला ४० मिलिमीटरचा सिलिंडर लावला, तर बोअरचं क्षेत्रफळ सुमारे दहा टक्क्यांनी वाढतं, तितकाच जोरही वाढतो, आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. सुक्या रस्त्यावर ते स्टिअरिंगने सावरता येतं. ओल्या घाटात आठ टनांना सावरणं वेगळं.

हवेचा ब्रेक दुसऱ्या घराण्यातला. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी तो १८६९ मध्ये रेल्वेसाठी काढला. वॅब्को हे नाव म्हणजे वेस्टिंगहाउस एअर ब्रेक कंपनीची आद्याक्षरं. बर्लिनमध्ये १९०५ मध्ये सुरू झालेली क्नोर कंपनीही रेल्वेतूनच ट्रककडे वळली. साठच्या दशकातल्या मधल्या वजनाच्या ट्रकवर या दोन घराण्यांची सोयरीक झाली. इंजिनवरचा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, पेडल दाबलं की हवा बूस्टरमध्ये जाऊन मास्टर सिलिंडर ढकलते, आणि तिथून पुढे चाकापर्यंत तेल. आपल्या मेकॅनिकच्या भाषेत 'हवा आणि ऑइल दोन्ही'. फायदा असा की हवा गेली तरी पेडल आणि चाक यांच्यात तेलाचा दुवा राहतो. पाय मोडेस्तोवर दाबावं लागतं, पण काहीतरी लागतं. तोटा असा की दोन घराण्यांचे रोग एकाच गाडीत. टाकीतलं पाणी रोज सोडलं नाही तर ते व्हॉल्व्हमध्ये जातं, थंडीत गोठतं, आणि बूस्टरच्या आतली चामडी किंवा रबरी सील गेली की हवा फुसफुसत बाहेर येते. सर्वांत जुन्या गाड्यांवर चारही चाकांना मिळून तेलाची एकच लाइन. युरोपीय समुदायाचा ब्रेकविषयीचा पहिला मोठा निर्देश १९७१ चा. पुढच्या काळात दोन स्वतंत्र सर्किटं सर्वत्र नेहमीची झाली. एकसर्किटी गाडी घेऊन हिमालयात जाणाऱ्यांच्या धाडसाला माझा नमस्कार, पण अनुकरण करू नये.

थोडक्यात, ट्रकवर तारा मर्सिडीजचा असला तरी ब्रेक कधी आटेचे, कधी वॅब्कोचे, कधी बॉशचे, कधी क्नोरचे. एकाच वर्षाच्या दोन गाड्यांवर दोन वेगळ्या कंपन्यांचे व्हॉल्व्ह निघू शकतात. म्हणून सुटा भाग मागताना गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही. भागावरचं नाव, नंबर आणि बोअर सांगावा लागतो. त्यात या कंपन्यांची नावंही जागेवर राहिली नाहीत. आटे १९६७ मध्ये अमेरिकन आयटीटीकडे आणि १९९८ मध्ये कॉन्टिनेंटलकडे गेली. ब्रेक बनवणारी गर्लिंग कंपनी ब्रिटिश लुकासच्या पोटात, लुकास पुढे टीआरडब्ल्यूच्या, टीआरडब्ल्यू २०१५ मध्ये झेडएफच्या. २०२० मध्ये वॅब्कोही झेडएफकडेच आली. प्रत्येक खांदेपालटात जुन्या भागांना नवे नंबर मिळाले आणि कमी खपाचे भाग यादीतून गळाले. जुन्या नंबराचा नवा नंबर शोधणं हे आज या छंदातलं अर्धं काम आहे.

भारतात काय आहे, हा प्रश्न इकडे गाडी आणणाऱ्याला पडतोच. आशाही रास्त आहे. १९५४ मध्ये टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाली डायम्लर-बेंझ यांचा करार झाला, त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला टाटा-मर्सिडीज बाहेर पडला. १९६९ मध्ये करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. तोवर पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला टेल्कोचा दुसरा कारखाना उभा राहत होता. टाटाच्या ६९७ इंजिनाच्या नावातच त्याची कुंडली आहे: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. मर्सिडीजच्या ओएम ३५२ चा बोअरही ९७, स्ट्रोक १२८, क्षमता ५,६७५ सीसी. त्यामुळे इंजिनाच्या कामाला आपला ट्रक मेकॅनिक त्या परदेशी पाहुण्याकडे ओळखीच्या नजरेने बघतो.

ब्रेकच्या बाबतीत ओळख इथेच संपते. सरकारचा आग्रह देशी सुट्या भागांचा होता, आणि ब्रेकसाठी इथे वेगळे करार झाले. मद्रासकडे १९६२ मध्ये ब्रिटिश क्लेटन ड्युआंद्रेच्या सहकार्याने सुंदरम-क्लेटन उभी राहिली, हवेच्या ब्रेकसाठी. त्याच वर्षी गर्लिंगच्या तंत्रावर ब्रेक्स इंडिया. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडो लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचं ड्रमला घासणारं अस्तर, बनवू लागली. म्हणजे जर्मन सांगाड्यावर ब्रिटिश वळणाचे ब्रेक. म्हणून टाटा १२१० चा ब्रेक शू ९११ ला 'जवळजवळ' बसतो, असं कुणी सांगितलं तर त्या 'जवळजवळ'ची रुंदी, जाडी, शूची वक्रता आणि रिव्हेटची भोकं आधी मोजून घ्यावीत. तेल-पाइपांची तीच तऱ्हा. जर्मन पाइपाचं टोक गोल फुगीर आणि नटाचे आटे मेट्रिक, ब्रिटिश-अमेरिकन वळणाच्या पाइपाचं टोक दुहेरी दुमडलेलं आणि नटाचे आटे इंची. एकावर दुसरं कसंबसं फिरतं, चाचणीत गळत नाही, आणि गरम झाल्यावर गळतं.

इतर देशांतही अशाच शाखा फुटल्या. १११३ ब्राझीलमध्ये इतका खपला की तो तिथला राष्ट्रीय ट्रक म्हणावा. इराणमध्ये 'खावर' कंपनीने मर्सिडीज ट्रक बांधले, आणि मधल्या आकाराच्या ट्रकलाच तिथे 'खावर' म्हणतात. नायजेरियात एनुगूच्या कारखान्यातून ९११ निघाले. म्हणून लागोस किंवा तेहरानच्या बाजारात ९११ चा सिलिंडर मिळण्याची शक्यता म्युनिकपेक्षा जास्त असू शकते, फक्त तो कुठल्या कुळातला आहे हे बघून घ्यावं.

ब्रिटिश प्रवाशांचा लाडका बेडफर्ड, म्हणजे जनरल मोटर्सचा ब्रिटनमधला ट्रक, त्याचीही गोष्ट अशीच. जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडत होती. १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला. पुढे हिंदुस्तान मोटर्सने बेडफर्ड ट्रक बनवले. पाकिस्तानात तो इतका टिकला की नक्षीदार 'रॉकेट' म्हणजे बेडफर्डच. त्याचे ब्रेकचे भाग तिथे आजही नवे मिळतात, दर्जा मात्र दुकानागणिक बदलतो. युनिमॉग या मर्सिडीजच्याच उंच फोर-व्हील ड्राइव्ह गाडीवाल्यांची दिशा आणखी निराळी: जुन्या ४०४ ला ड्रम, पण सत्तरच्या दशकातल्या मोठ्या युनिमॉगपासून डिस्क. तिथे सिलिंडरऐवजी डिस्क पकडणाऱ्या ब्रेक कॅलिपरचे पिस्टन गंजतात.

लायनरचा इतिहास सगळ्यांत काळा. हर्बर्ट फ्रूड यांच्या फेरोडोने १९०८ च्या सुमारास अॅस्बेस्टॉसचे लायनर आणले, आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभर तेच चाललं. उष्णता सोसायचा, स्वस्त पडायचा, ड्रम कमी खायचा. त्याच्या धुळीने फुप्फुसांचे काय झाले हे हळूहळू उघड झालं. जर्मनीने १९९३ मध्ये बंदी घातली, युरोपीय संघात २००५ पासून ती पूर्ण झाली. भारतात मात्र सरसकट बंदी नाही. जुन्या एक्स्पिडिशन ट्रकचे मूळ लायनर किंवा खोक्यातले 'न वापरलेले' लायनर अॅस्बेस्टॉसचे असणार असंच धरून चालावं. ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवायची सवय आपल्याकडे फार आहे. इथे ती सोडावी, ओल्या फडक्याने पुसावं. शू फेकायचे नसतात, त्यांच्यावर नवे बिनअॅस्बेस्टॉस लायनर रिव्हेट मारून घेता येतात. ड्रम लेथवर टर्न केला असेल तर जाड लायनर लागतो, आणि ड्रमची कमाल व्यासाची मर्यादा ओलांडली तर ड्रमच बदलावा लागतो. तोच भाग शोधायला सर्वांत अवघड आणि पाठवायला सर्वांत महाग.

नव्या लायनरची पकड जुन्यासारखी असेलच असं नाही, आणि याची परीक्षा उतारावर होते. दहा टनांची गाडी हजार मीटर खाली आली तर सुमारे ९८ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तेवढ्या उष्णतेत जवळजवळ तीनशे लिटर पाणी उकळेल. ती सगळी ड्रममध्ये ओतली तर ड्रम फुगतो, लायनर निसरडा होतो, आणि चाकाजवळचं तेल उकळून पेडल खाली जातं. डॉट ४ या दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत टिकायला हवं, ओलावा शोषलेलं १५५ पर्यंतच. म्हणून 'ज्या गिअरवर घाट चढायचा त्याच गिअरवर उतरायचा' हा आपल्या ड्रायव्हरांचा नियम आणि जर्मन ट्रकवरचा एग्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट झडपेने अडवून इंजिनानेच गाडी आवरणारा) हे दोघे एकच काम करतात. त्या एग्झॉस्ट ब्रेकची फ्लॅप काजळीने अडकलेली असते आणि ती सोडवायला फक्त एक दुपार लागते, तरी ती बहुतेकांच्या कामाच्या यादीत शेवटी असते.

उरला खोक्यातल्या जुन्या नव्या मालाचा मोह. बंद पडलेल्या लष्करी कोठारांतून मेण लावलेल्या कागदात गुंडाळलेले १९८० च्या आसपासचे सिलिंडर अजून निघतात, आणि बोअर आरशासारखा असतो. धातू घ्यावा, आतलं रबर न वापरता काढून टाकावं. चाळीस वर्षं कपाटात बसलेला वॉशर दिसायला ठीक वाटतो, पण दोन बोटांत वाकवला की कडेला बारीक चिरा दिसतात. नवीन किट घेताना रबर कुठल्या तेलासाठी आहे ते विचारावं. ग्लायकॉलच्या तेलासाठी बनवलेल्या सीलला खनिज तेल लागलं तर ती फुगते, म्हणून सिलिंडर डिझेलने धुणं हा सगळ्यांत वाईट शॉर्टकट. ताजं ब्रेक ऑइल किंवा मेथिलेटेड स्पिरिट पुरतं.