महाळुंग आणि कवठाचा भाव

नऊ महाळुंगं आणि सात कवठं मिळून किंमत 107. सात महाळुंगं आणि नऊ कवठं घेतली तर 101. मग एकेका फळाचा भाव काय?

हे गणित नवव्या शतकातलं आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात जैन गणिती महावीराचार्यांनी ते ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात दिलं. महाळुंग म्हणजे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते फळ, आणि कवठाची चटणी तर महाशिवरात्रीला आपल्याकडे होतेच.

लगेच क्ष आणि य मांडू नका, आधी आकडे नीट बघा. 9 आणि 7 यांची नुसती अदलाबदल झालीय. दोन्ही खरेद्या एकत्र केल्या तर 16 महाळुंगं, 16 कवठं, किंमत 208. म्हणजे एक जोडी 13 ला. आता पहिलीतून दुसरी वजा करा. दोन महाळुंगं जास्त, दोन कवठं कमी, आणि किंमत 6 नं जास्त. म्हणजे महाळुंग कवठापेक्षा 3 नं महाग. बेरीज 13, फरक 3. महाळुंग 8 ला, कवठ 5 ला. ताळा बघा: 72 अधिक 35, बरोबर 107. मला हे आजही फार सुंदर वाटतं.

आकडे इतके सोयीचे नसले की एका वस्तूला हिशेबातून घालवायचं. टपरीवर 2 चहा, 3 वडापावचे 84 रुपये झाले. दुसऱ्या दिवशी 5 चहा, 4 वडापावचे 140. पहिलं बिल चौपट करा, दुसरं तिप्पट. दोन्हींत वडापाव 12 झाले. वजाबाकीत ते उडाले आणि उरले 7 चहा, 84 रुपये. चहा 12 ला, वडापाव 20 ला.

पण दुसऱ्या दिवशी 4 चहा, 6 वडापावचे 168 दिले असते तर? काहीच कळलं नसतं. ते पहिलंच बिल दुप्पट झालंय, त्यात नवी माहिती नाही. आणि तेवढ्याच खाण्याचे 160 घेतले असतील, तर दोन्ही बिलांना चालेल असा भावच नाही: सूट मिळाली, भाव बदलला, नाहीतर बेरीज चुकली. आलेखावर या दोन समांतर रेषा, कुठेच न भेटणाऱ्या.

सोबत पोहेही घेतले, तर तिसरं बिल लागतं. तेही आधीच्या दोन बिलांची नुसती बेरीज असून चालत नाही.