गुडघा बदलला म्हणजे सहा महिने खाट? नाही!

आमच्या पंचवटीत अजूनही ऐकू येतं, 'गुडघा बदलला की सहा महिने खाटेवर.' तसं नाही. मुळात अख्खा गुडघा काढतच नाहीत. हाडांच्या झिजलेल्या टोकांचा पातळ थर कापून त्यावर धातूचं आवरण आणि मध्ये प्लास्टिकची चकती बसवतात. म्हणून बहुतेकांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात.

दुखतं, हे खरं. व्यायाम करताना आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. आम्ही मायेने गुडघ्याखाली उशी ठेवायचो. फिजिओथेरपिस्टने ती काढायला लावली. उशीमुळे गुडघा पूर्ण सरळ होत नाही! सूज काही महिने रेंगाळते, पण पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर लगेच डॉक्टर गाठा.

दोन महिन्यांनी आई काठी टेकत रामकुंडावर गेली. मांडी घालणं तेवढं सुटलं.