उपनगरी रेल्वेतली प्रवासी सुरक्षा

उपनगरी रेल्वेतली प्रवासी सुरक्षा म्हणजे लोकल, मेट्रो किंवा तसल्या रोजच्या गाडीने जाता-येताना आणि स्टेशनात वावरताना आपण स्वतःला आणि सोबतच्या माणसाला कसं सांभाळायचं, ते. सिग्नल, ब्रेक, रूळ ही रेल्वेची बाजू, ती इथे लागेल तेवढीच येईल. लोकांच्या मनात भीती असते ती गाडीला गाडी धडकण्याची, पण डब्याच्या आत नीट उभा असलेला माणूस तसा बराच सेफ असतो, माणूस सापडतो तो फलाटाच्या कडेला, दारात, रुळांवर नाहीतर जिन्यात, म्हणजे गाडीत नसताना किंवा अर्धाच गाडीत असताना, आणि बहुतेक वेळा तिथे काहीतरी घाई चाललेली असते.

सगळ्यात आधी फलाट आणि डबा यांच्यातली फट. लंडनच्या भुयारी रेल्वेत १९६८ पासून ‘माइंड द गॅप’ अशी अनाउन्समेंट चालू झाली ती याच फटीसाठी. ही फट कशामुळे पडते, हे एकदा कळलं की पाय आपोआप जपून पडतो. डबा सरळ असतो, तो वाकत नाही, आणि फलाट वळणावर असला की सरळ डबा आणि वाकडा फलाट सगळीकडे सारखे जुळूच शकत नाहीत. फलाट वळणाच्या आतल्या अंगाला असेल तर डब्याचं मधलं दार फलाटाला लागून येतं आणि टोकाची दारं लांब राहतात, बाहेरच्या अंगाला असेल तर उलटं, टोकं जवळ आणि मधे खिंडार. त्यामुळे एकाच डब्याच्या एका दारातून सहज उतरता येतं आणि दुसऱ्या दारातून ढांग टाकावी लागते. त्यात वळणावर बाहेरचा रूळ मुद्दाम थोडा उंच ठेवलेला असतो, म्हणून डबा एका बाजूला कललेला आणि दाराची पायरीसुद्धा फलाटाच्या वर-खाली. एरवी रोज त्याच स्टेशनात उतरणारा माणूससुद्धा दुसऱ्या दाराने उतरला की फसतो तो यामुळेच. उतरताना नजर पुढच्या माणसाच्या पाठीवर नको, खाली पायाकडे हवी. लहान पोराला नुसतं बोट धरून चालवू नका, दंडाला घट्ट धरा किंवा सरळ उचलून घ्या, कारण आपला फक्त पाय अडकेल अशा फटीत लहान मूल अख्खं जाऊ शकतं. फटीत मोबाईल पडला, चप्पल पडली तर पडू दे, वाकून हात घालायचा नाही, स्टाफला सांगायचं, गाडी गेल्यावर ते काढून देतात.

दुसरी गोष्ट कडेची पिवळी पट्टी. त्यावरचे उठावाचे बुंदके सेइइची मियाके या जपानी माणसाने अंध लोकांसाठी काढले आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरातल्या एका रस्त्यावर ते पहिल्यांदा बसवले गेले, आता जगभरच्या फलाटांवर दिसतात. गोल बुंदके म्हणजे थांब, लांब रेघा म्हणजे या दिशेने चल. म्हणून त्या पट्टीवर बॅग ठेवून उभं राहणं ही फार वाईट सवय आहे, कुणाचा तरी रस्ताच आपण बुजवतो. आणि डोळस माणसानेही पट्टीच्या मागेच का राहायचं, तर डबा रुळांपेक्षा बराच रुंद असतो. जगात सगळ्यात जास्त वापरात असलेल्या गेजमध्ये दोन रुळांतलं अंतर १,४३५ मिलिमीटर, आणि वर डबा साधारण तीन मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना पाऊण मीटरच्या आसपास डबा रुळाबाहेर असतो. कडेला वाकून गाडी आली का बघणाऱ्याला रूळ लांब दिसतो, डबा मात्र त्याच्या डोक्याच्या जागेवरूनच येणार असतो. न थांबणारी फास्ट गाडी जाते तेव्हा तिच्या सोबतची हवासुद्धा ओढते, बाबागाडी किंवा व्हीलचेअर फलाटावर उभी असेल तर ब्रेक लावलेला हवा आणि तोंड रुळांकडे नको, रुळांना समांतर.

धावत्या गाडीत चढणं-उतरणं याबद्दल सगळे सांगतात, सगळ्यांना माहीत असतं आणि तरी लोक करतात, म्हणून नेमकं काय होतं ते लिहितो. गाडी ताशी १० किलोमीटरने जात असेल, म्हणजे बघायला अगदी हळू, तरी ती सेकंदाला पावणेतीन मीटर पुढे सरकते. उतरणाऱ्याचे पाय फलाटाला लागले की थांबतात पण धड त्याच वेगाने पुढे जात राहतं, आणि त्याच वेळी एका हाताने दाराचा दांडा अजून धरलेला असतो. तो हात सुटत नाही, माणूस त्या हाताभोवती फिरतो, आणि फिरतो तो गाडीकडे, फटीकडे. म्हणजे ज्या दांड्याचा आधार वाटतो तोच आत खेचतो. चढतानाही हेच, हात धरला गेला आणि पाय पायरीवर बसला नाही की झालं. दारात लटकणं तर याहून वाईट, कारण तिथे आपली चूक नसली तरी जीव जातो. ९ जून २०२५ ला मुंबईजवळ मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना पास होताना फूटबोर्डवर उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि काही जण दगावले, त्यानंतर तिथल्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं लावण्याचा विषय पुन्हा वर आला. दारं आपोआप बंद होतात तिथे धोका वेगळा असतो, मिटणाऱ्या दारात हात किंवा बॅग घालून ते अडवायचं नाही, बारीक पट्टा, ओढणी, मफलर अडकलं तर दाराच्या सेन्सरला ते कळेलच असं नसतं.

रूळ ओलांडण्याबद्दल एक साधा हिशेब. गाडी ताशी ७२ किलोमीटरने येते, म्हणजे सेकंदाला २० मीटर. मोटरमनने जोराचा ब्रेक मारला आणि वेग दर सेकंदाला एक मीटरने कमी होत गेला तरी थांबायला २० सेकंद आणि २०० मीटर लागतात, आणि पावसात रूळ ओला असेल तर त्याहून जास्त, कारण लोखंडावर लोखंड, पकड मुळात कमीच. तुम्ही मोटरमनला दिसलात तरी तो काही करू शकत नाही. शिवाय विजेची गाडी समोरून येताना आवाज फार उशिरा येतो, आणि एक गाडी गेली म्हणून पाऊल टाकावं तर तिच्या आडून उलट दिशेने दुसरी येत असते. हेडफोन घालून रुळांवर जाणाऱ्याला तर तोही आवाज नाही.

वीज दोन प्रकारे येते, डोक्यावरच्या तारेतून किंवा रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून. वरच्या तारेत पुष्कळ ठिकाणी २५,००० व्होल्ट असतात आणि एवढ्या व्होल्टेजला हात लागावाच लागतो असं नाही, जवळ गेलं तरी वीज उडी मारते. उभ्या गाडीच्या टपावर चढून फोटो काढणारी पोरं अशीच जळतात. तिसऱ्या रुळात व्होल्ट कमी असतात, साधारण ६०० ते ७५० च्या घरात, पण माणसाला तेवढे भरपूर झाले. गाडी नाही म्हणजे वीज नाही, हा समज चुकीचा आहे.

गर्दीचा धोका मला वाटतं सगळ्यात कमी बोलला जातो. फलाटापेक्षा जिने, पूल आणि सबवे जास्त वाईट, आणि अचानक आलेला पाऊस. ३० मे १९९९ ला मिन्स्कमध्ये पाऊस-गारा आल्या म्हणून लोक मेट्रोच्या सबवेत धावले आणि ५३ जण चेंगरून गेले, २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पाऊस थांबायची वाट बघत लोक उभे आणि मागून माणसं येतच होती, २३ जण गेले. दोन्हीकडे तेच झालं, पुढचा थांबला हे मागच्याला दिसत नाही, तो ढकलतच राहतो. म्हणून जिन्याच्या तोंडाशी, पुलाच्या मधे, सरकत्या जिन्याच्या शेवटी थांबायचं नाही, फोन बघायचा तर बाजूला होऊन. चालता चालता तुमचे पाय तुमच्या मर्जीने पडेनासे झाले, गर्दीच नेऊ लागली, की दोन्ही हात छातीसमोर दुमडून घ्या म्हणजे श्वासाला जागा राहते, लाटेच्या उलट जोर लावू नका, ती थोडी सैल पडली की तिरपं कडेला सरका, आणि खाली पडलेलं काहीही उचलायला वाकू नका. शेजारी कुणी पडलं तर ओरडून आजूबाजूच्यांना थांबवून त्याला लगेच उठवायचं.

गर्दीचा फायदा घेऊन बायकांना त्रास देणारे सगळ्या देशांत आहेत. टोकियोत महिलांसाठी वेगळा डबा १९१२ सालीच होता आणि मुंबईत १९९२ मध्ये अख्खी लेडीज स्पेशल लोकल सुरू झाली. डबा वेगळा असला-नसला तरी मोठ्याने बोलणं उपयोगी पडतं, ‘हात काढ’ इतकं जरी जोरात म्हटलं तरी आजूबाजूच्या माना वळतात. आणि बघणाऱ्याने भांडायलाच हवं असं नाही, त्या बाईजवळ जाऊन उभं राहून ‘कुठे उतरणार’ एवढं विचारलं तरी तो माणूस बाजूला होतो. रात्री रिकाम्या डब्यात बसण्यापेक्षा चार माणसं असलेला किंवा गार्डजवळचा डबा बरा.

बेवारस बॅग दिसली तर हात लावू नका, हलवू नका, लांब होऊन स्टाफला सांगा. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सरिन हे विषारी रसायन पातळ रूपात प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून, वर्तमानपत्रात गुंडाळून सोडलं होतं, आणि सांडलेलं ते साफ करायला गेलेले स्टेशनचे कर्मचारीही त्यात गेले. आगीचं म्हणाल तर लंडनच्या किंग्ज क्रॉसला १८ नोव्हेंबर १९८७ ला ३१ माणसं गेली ती लाकडी सरकत्या जिन्याखाली पडलेल्या पेटत्या काडीमुळे, आणि तेव्हा तिथे सिगारेटला बंदी आधीपासून होती.

कुणी रुळांवर पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही. हे लिहायला कठोर वाटतं. २६ जानेवारी २००१ ला टोकियोच्या शिन-ओकुबो स्टेशनात एक माणूस पडला, त्याला वाचवायला दोघे उतरले, तिघेही गेले. त्यानंतर जपानमध्ये फलाटावर गाडी थांबवायची बटणं आणि कडेखाली लपायची जागा यावर भर दिला गेला. बटण असेल तर ते दाबा, नसेल तर एकाने स्टाफकडे धावायचं आणि दुसऱ्याने फलाटाच्या ज्या टोकाने गाडी येते तिकडे जाऊन दोन्ही हात जोरजोरात हलवायचे. आपण स्वतः पडलो तर मीटरभर उंच फलाट एकट्याने चढणं वाटतं तेवढं सोपं नसतं, त्यात वेळ घालवू नका, कडेखाली पोकळी असेल तर तिथे अंग चिकटवून आडवं व्हा.

गाडी मधेच बंद पडली तर खाली उतरू नका, हे आगीशिवाय सगळ्या वेळी खरं. २ मार्च २०१८ ला लंडनच्या लुइशमजवळ थंडीत तास-तास अडकलेले प्रवासी स्वतःच उतरले, त्यांचा राग समजण्यासारखाच होता, पण तिसऱ्या रुळाची वीज कापावी लागली आणि बाकीच्या गाड्याही जागच्या जागी खोळंबल्या. साखळी किंवा अलार्म ओढला तरी काही गाड्या बोगद्यात न थांबता पुढच्या स्टेशनातच थांबवतात, कारण मदत तिथेच लवकर पोचते. डब्यात खरंच धूर झाला तर शेजारच्या डब्यात जायचं, आणि दार हाताने उघडायची कळ कुठे आहे ते रोज बसतो त्या दाराजवळ शांत वेळी वाचून ठेवायचं. १८ फेब्रुवारी २००३ ला दक्षिण कोरियातल्या देगूमध्ये आग एका गाडीत लागली, पण समोरच्या फलाटावर येऊन थांबलेल्या दुसऱ्या गाडीची दारं बंद राहिली आणि त्यात खूप माणसं अडकली, दोन्ही मिळून १९२ गेली.